आत्याच्या चित्रातली सतरावी खिडकी

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकला, पाहुणे पांगले, तरी काका थांबला. भिंतीला टेकून बसत तो आईला म्हणाला, "वहिनी, खोली बहिणीच्या नावावर. तिला ना नवरा, ना पोर. मागे भाऊ मी एकटा. तुमच्या नावचा कागद असला तर रविवारपर्यंत दाखवा, नायतर पोरींना घेऊन दुसरीकडं बघा. मला खोली विकायचीय."

आज कळतं, कायद्याने बाबांच्या वाट्याचं आम्हालाही मिळालं असतं. तेव्हा हे सांगणारं कोणी नव्हतं. बाबा गेल्यापासून दिघ्यातल्या त्या एका खोलीत आम्ही चौघी राहायचो. आत्या, आई, ताई आणि मी. आत्या कंपनीत पॅकिंगला होती, आई ऐरोलीत घरकामं करायची. ताई नववीत, मी सहावीत.

कागद होता. आत्याने तो केलाय, एवढं आईला माहीत होतं. "लिहून ठेवलंय सगळं, टेन्शन घेऊ नको," असं आत्या एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती. कुठे ठेवलाय ते आईने विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात, सकाळी कामाला निघताना आत्या दारात कोसळली. अर्धांग. उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

आठ महिने ती खाटेवर होती. डाव्या हाताने माझ्या दप्तरातला खडू घ्यायची आणि भिंतीवर एकच चित्र काढायची. एकावर एक तीन गोल, आणि बाजूला इमारत. इमारतीला खिडक्याच खिडक्या, त्यातली एक खडूने गच्च भरलेली. मग त्या खिडकीवर हात आपटत आमच्याकडे बघायची, "अं, अं." आई डोळ्यांना पदर लावायची. "बिल्डिंगमधलं घर मागतेय गं बिचारी."

माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा खडू उचलला. मी वैतागले होते. तिच्या हातातून खडू ओढून घेतला आणि ओल्या फडक्याने भिंत पुसून टाकली. ती बघत राहिली. त्यानंतर तिने खडू मागितला नाही.

काकाने मुदत दिल्यावर आम्ही खोली उलटीपालटी केली. पत्र्याची पेटी, गादीचे टाके, पिठाचा डबा, तसबिरींच्या मागची बाजू. माळ्यावर नुसती आत्याची रिकामी खाट होती, म्हणून तिकडे कोणी चढलं नाही. आई साड्यांच्या घड्या मोडायची, पुन्हा घालायची, पुन्हा मोडायची. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली आणि चपला न काढता उंबऱ्यावरच बसली. "कुठं जायचं गं आपण?" असं तिने आम्हाला विचारलं, जणू आम्ही मोठ्या होतो.

त्याच आठवड्यात आवाज सुरू झाला. टिण. मग थांबून, टिण टिण. माळ्यावरून यायचा, आणि यायचा तो दुपारीच, काका बाहेर आणि आई कामावर असताना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तिचं काहीतरी सांगायचं राह्यलंय, म्हणून ठोकते." आई रागावली. "आपल्यात भूतबीत मानत नाहीत. वंदना म्हणा आणि अभ्यासाला बसा." मी वंदना म्हणायचे. पण मला पक्कं ठाऊक होतं, आत्या खडू परत मागतेय. मी ताईला सांगितलं नाही. दुपारभर पायरीवर, उन्हात बसून राहायचे.

शुक्रवारी ताईने माझा हात धरून मला आत नेलं. "आज बघायचंच. कागद सापडला नाही तर रविवारनंतर हे घर भुताचंपण राहणार नाही." ती शिडीवर चढली, मी खालून शिडी धरली. वरून आवाज आला, टिण. ताईने मान आत घातली आणि म्हणाली, "अगं, आत्याचा डबा आहे."

आत्या गेल्यावर खाट माळ्यावर टाकताना कोणीतरी आत्याची कामाची पिशवी पत्र्यालगतच्या खिळ्याला अडकवली होती. दुपारी खाडीवरून वारा सुटला की पिशवी हलायची आणि आतला स्टीलचा डबा पत्र्यावर आपटायचा. तीन पुडाचा डबा. एकावर एक तीन.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. डबा रिकामा होता, पण पिशवीच्या कप्प्यात रुमालात बांधलेली बारकी चावी निघाली. तिला पत्र्याचा बिल्ला होता, सतरा नंबरचा.

ताईने एकदा आत्याला वहीचं पान दिलं होतं, त्यावरही आत्याने तेच चित्र काढलं होतं. ते पान ताईने जपून ठेवलं होतं. ती बोट ठेवत खिडक्या मोजायला लागली. भरलेली खिडकी सतरावी होती. "पण ही इमारत कसली? हिला दारच नाही," ती म्हणाली.

"ही सगळी दारंच असतील," मी म्हटलं.

ताईने कपाळावर हात मारला. शाळेत बाईंच्या खोलीत तसलं लोखंडी कपाट होतं, छोट्या छोट्या दारांचं. प्रत्येक बाईंना एक. कंपनीतही तसं असतं, हे आम्हा तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

शनिवारी आईने कामाला दांडी मारली आणि आम्ही तिघी आत्याच्या कंपनीत गेलो. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "जुनी कपाटं भंगारात चाललीत. बघतो." आई गेटच्या गजांना धरून उभी राहिली. अर्ध्या तासाने आतून आत्याच्या वयाची एक बाई आली. तिने चावी घेतली आणि म्हणाली, "चला माझ्यासोबत. तिचा कप्पा मी कुणाला उघडू दिला नाय."

आत चपलांचा जोड होता, कंगवा होता आणि प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला कागद. पावसाळ्यात आमच्या खोलीत पाणी शिरायचं, म्हणून तिने तो इथे ठेवला असणार. खोली आम्हा दोघी बहिणींच्या नावे, आणि आईने हयातभर तिथे राहायचं, असं लिहिलं होतं. खाली आत्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

काकाने कागद दोनदा वाचला. "मला काय शत्रू समजत होती काय ती?" असं म्हणून तो रडायला लागला. आईने त्याला पाणी दिलं. त्याच दुपारी तो गावी गेला.

खोली राहिली. पण मी कितीतरी दिवस भिंतीकडे पाठ करून जेवायचे. शेवटी एकदा ताईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मलापण कळलं नव्हतंच ना." त्याने काही बरं वाटलं नाही.

कागदावर सही केलेल्या दोन साक्षीदारांपैकी एक, कंपनीतली तीच बाई होती. कपाट लावून घेताना तिने आईला सांगितलं होतं, की सही झाली त्या दिवशी आत्याने अख्ख्या खात्यात पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, "लग्न ठरलं की काय गं?" तर ही म्हणाली, "नाय. मला दोन पोरी झाल्या."