आक्काची जाळी

फोन बापूचा होता. बापू म्हणजे माझ्या आक्काचा धाकटा दीर. "सुमनताई, वैनी गेल्या," तो म्हणाला. मी इथं धाराशिवला, स्वयंपाकघरात, कणकेच्या हातानं फोन धरून उभी. कशानं, कधी, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत त्याचं पुढचं वाक्य आलं, "सकाळी जाळीच्या दारातच पडल्या. आता कोंबड्याचं काय करायचं, सांगा." अजून मला नीट रडूही आलं नव्हतं... आणि ह्याला कोंबड्यांची पडली होती! काही आठवडे उलटले, तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं तडकतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. आक्काबद्दल वाईट लिहायला माझ्याकडं काही नाहीच. मागं राहिलेल्यांबद्दल मात्र भरपूर आहे.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. बेंबळीहून लग्न होऊन ती सास्तूरला गेली तेव्हा मी परकरात होते. भूकंपात तिचं दगडामातीचं घर बसलं आणि भिंतीखाली तिची लहानगी छबी गेली. पुढं गाव नव्या जागी ओळीनं उभं राहिलं, तिला घर मिळालं, घरामागं परसाची जागा मिळाली. मूल मात्र पुन्हा झालं नाही. भाऊजी गेल्यावर ती त्या घरात एकटीच राहिली, सोबतीला कोंबड्या. त्या दिवसभर गल्लीत हिंडायच्या आणि रात्री बांबूच्या डालग्याखाली झाकल्या जायच्या. मग गावात कुत्री माजली. सकाळी उठावं तर रस्त्यात पिसं. त्यात एखादी चुकून बापूच्या अंगणात शिरली की तो खडा नाही, चांगला धोंडा भिरकवायचा. एका तलंगीचा, कोवळ्या कोंबडीचा, पाय त्यानंच मोडला. आक्कानं हळद भरून तिला पट्टी बांधली आणि त्याला एक शब्द बोलली नाही. मला त्या न बोलण्याचाही राग यायचा.

तेव्हाच तिनं जाळी करायचं ठरवलं. परसात खांब रोवायचे, बाजूनं आणि वरून तारेची जाळी लावायची, म्हणजे कोंबड्यांना मोकळं हिंडता येईल आणि कुत्र्याला आत येता येणार नाही. गल्लीनं काय चेष्टा केली तिची! "आक्का कोंबड्यास्नी बंगला बांधायलीय," असं बाया नळावर म्हणायच्या. पहिली जाळी तिनं लोहाऱ्याच्या बाजारातून आणली, ती पातळ निघाली. कुत्र्यांनी दातानं टराटरा फाडली. बापू कुंपणावरून दात काढत म्हणाला, "वैनी, कुत्र्याला ताटच वाढलं की तुमी!" आक्कानं फाटकी जाळी गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या खेपेला लोखंडी अँगल, जाड वेल्डिंगची जाळी आणली. आता प्रश्न राहिला मुंगसाचा. ते खालून उकरून आत येतं. त्याला बुडाशी दगड बसवायला हवेत.

दगड आणायला ती बैलगाडी घेऊन कुठं गेली असेल? जुन्या गावाच्या जागेवर. आपल्या पडलेल्या घराचे दगड तिनं गाडीत भरून आणले. गाडी येताना बघून बाया नळावरून घरात गेल्या. तिथला दगड कुणी दारात आणत नाही, त्या वाटेनं जाताना माणसं अजून मान फिरवतात. बापू मात्र तरातरा आला. "त्या दगडानं आपली माणसं खाल्ली, वैनी. आन् तुमी ते घरात आणायलाव?"

आक्का घमेल्यात सिमेंट कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "दगडानं न्हाय खाल्ली. नुसत्या मातीत रचला हुता त्येला. आता नीट बसवते. आता ह्यो राखंल."

गुडघ्याच्याही खाली, एकच थर. त्यावर जाळी. रोज संध्याकाळी दाराला कडी घातली की ती कोपऱ्यातला खांब दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "पडत न्हाय आता."

जाळी उभी राहिली आणि चेष्टा करणाऱ्या त्याच बाया एकेक कोंबडी काखोटीला मारून आक्काच्या दारात हजर! आमच्याकडं कोंबडी अर्धलीनं देतात. कोंबडी एकीची, सांभाळायची दुसरीनं, पिल्लं निम्मी-निम्मी. ओळख पटावी म्हणून जिची तिनं कोंबडीच्या पायात आपल्या लुगड्याची चिंधी बांधायची. हिरवी शेजारच्या शोभाची, जांभळी कोपऱ्यावरच्या शाहीनभाभीची... जाळीत बघावं तर रंगपंचमी. गल्लीतल्या पोरासोरांनाही कुठली कुणाची ते ठाऊक. बापूला ठाऊक नव्हतं. बायकांच्या कामाकडं त्यानं कधी नीट बघितलंच नव्हतं.

आक्का गेली तेव्हा तिच्या हातातलं ज्वारीचं भगुलं उपडं झालं होतं आणि कोंबड्या तिच्याभोवती दाणे टिपत होत्या. भेटायला आलेले म्हणत होते, काय सुखाचं मरण! सुखाचं? एकटी बाई मातीत पडली, हाक मारायला जवळ माणूस नव्हतं, हे सुख असेल तर ते तुमचं तुम्हालाच लखलाभ. पुण्यानुमोदनाला, गेलेल्याच्या आठवणीच्या सभेला, पांढरेशुभ्र कपडे घालून, माइक हातात धरून बापू म्हणाला, "वैनी म्हंजे आमची मायच हुती." लोकांनी डोळे पुसले. मी पदर तोंडात कोंबून बसले, नाहीतर भर सभेत तोंडातून शिवी गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काही पाहुणे अजून होते. बापूनं बाह्या सारल्या. "चार-पाच धरा रे. पावण्याला रस्सा हुईल. आन् दुपारी ही जाळी उपटू, ट्रॅक्टर बराबर बसतोय हितं."

मी पुढं होणार तोच शोभा दारात येऊन उभी राहिली. "हात लावू नगा, बापू. ती हिरव्या चिंधीची माजी हाय."

"आन् जांभळी मेरी," शाहीनभाभी मागून ओरडल्या. बघता बघता परस बायांनी भरलं. लाल माझी, पिवळी माझी, ठिपक्याची आमच्या सुनेची... मीही घसा ताणून ओरडत होते, कशासाठी ते मलाही कळत नव्हतं, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. बापू लालबुंद. "मग आमच्या वैनीची कंची?"

शोभानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. पायात काहीच नसलेली एक कोंबडी टोपल्यात अंड्यांवर बसली होती. लंगडी. त्याच्याच धोंड्यानं पाय मोडलेली. "ती. बुडाखाली आख्ख्या गल्लीची अंडी हायत. उठव तिला, हिंमत आसंल तर!"

बापू कोंबडीकडं बघत राहिला. मग बाह्या खाली केल्या आणि निघून गेला. पाहुण्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली.

त्याचा ट्रॅक्टरचा हेका अजून सुटलेला नाही. घर उद्या कुणाकडं जाईल, मला माहीत नाही, आणि त्या विचारानं माझा राग पुन्हा चढतो. तोवर बाया पाळीपाळीनं दाणापाणी बघतात. रविवारी माझी पाळी असते, धाराशिवहून एसटीनं जाते. मागच्या रविवारी पिल्लं अंड्यांतून बाहेर पडली होती, लंगडी त्यांना घेऊन दगडाच्या कडेनं उकरत होती. दिवस मावळताना सगळ्या आत आल्या, मी कडी घातली. मग कोपऱ्यातला खांब दोन्ही हातांनी धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून हलवला.

पडत न्हाय, आक्का.