खेळ थांबवून केलेला सत्कार

काल आमच्या मैदानावर करंडकाच्या भर अंतिम सामन्यात पंचांनी बेल्स काढल्या, तेव्हा पाऊस नव्हता आणि उजेडही भरपूर होता. वसंतरावांनी क्लबसाठी दहा हजारावी धाव नुकतीच पूर्ण केली होती आणि प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई होती.

"अहो, आत्ता कुठे नजर बसलीय. सामना संपू द्या," वसंतराव म्हणाले.

"दोनच मिनिटं, अण्णा. साहेब खास तुमच्यासाठी थांबलेत," क्लबचे चिटणीस म्हणाले.

खेळपट्टीवरच त्यांच्या खांद्यावर शाल आली आणि ग्लोव्हज घातलेल्या हातात नारळ आला. ज्या पाहुण्यांनी त्यांची याआधी एकही खेळी पाहिली नव्हती, त्यांनी त्यांना थोर फलंदाजांच्या रांगेत बसवले. माझा संताप अनावर झाला. फलंदाजाची एकाग्रता चेंडूगणिक जमत जाते. ती मोडून पुन्हा मागता येत नाही. एवढेही ज्यांना उमजत नाही, त्यांना गौरव करण्याचा अधिकार कोणी दिला? आपल्याकडे माणसाचे काम पाहायला कोणी येत नाही. ते थांबवायला मात्र व्यासपीठासकट येतात.

क्लबने हा करंडक कधीच जिंकला नव्हता आणि वसंतरावांचा हा शेवटचा सामना होता. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पहिल्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. उरलेल्या फलंदाजांना विजयासाठी हव्या असलेल्या थोडक्या धावाही जमल्या नाहीत.

संध्याकाळी चिटणीस मोबाइल पुढे करत म्हणाले, "अण्णा, सत्काराचा फोटो झकास आलाय. क्लबात लावू."

वसंतराव पॅड सोडत शांतपणे म्हणाले, "लावा. खाली सामन्याचा निकालही लिहा."