अर्ध्या स्तोत्रांचे मामा

बायबलातली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या दिल्लीत शोधला तर कदाचित एखादा सापडेल. पण ती दीडशेच्या दीडशे अर्धी पाठ असलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि ते माझे मामेसासरे. अर्धी म्हणजे पंच्याहत्तर नव्हेत हं. स्तोत्रं सगळी, पण एकाआड एक वचन. पहिलं येतं, दुसरं येत नाही, तिसरं येतं, चौथं येत नाही. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात एकशे शहात्तर वचनं आहेत. त्यातली अठ्ठ्याऐंशी मामा श्वास न घेता म्हणून दाखवतील, उरलेल्या अठ्ठ्याऐंशीतलं एखादं विचारा, की चष्मा काढून पुसायला लागतील आणि म्हणतील, “ते माझ्याकडे नाही.” मामा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. दुसऱ्याच्या टेबलावरच्या फाईलबद्दल ते आयुष्यभर असंच बोलत आले.

याचं कारण अगदी साधं आहे. आमच्या मराठी मंडळीत स्तोत्र एकट्यानं वाचत नाहीत, आळीपाळीनं वाचतात. पुढे उभा राहणारा पहिलं वचन म्हणतो, बसलेले सगळे, म्हणजे मंडळी, दुसरं म्हणतात, मग पुन्हा तो, पुन्हा मंडळी. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी एका मोठ्या चर्चचा लहान हॉल आम्हाला मिळतो. द्वारका, गुरुग्राम, फरीदाबाद, कुठून कुठून मेट्रो बदलत माणसं येतात आणि मोजली तर तीसच्या आतच भरतात. त्या तिसांच्या पुढे उभे राहून मामांनी पस्तीस वर्षं स्तोत्र चालवलं. घरीही तेच. संध्याकाळी द्वारकेच्या फ्लॅटमध्ये प्रार्थना व्हायची, त्यात मामा पुढारी आणि मामी मंडळी. मामी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या. कधी मामांनी हाक मारली, की आतून आवाज यायचा, “अहो, मंडळी कणीक मळतेय, पण ऐकतेय!” असं पस्तीस वर्षं झालं, आणि विषम वचनं मामांकडे नि सम वचनं मामींकडे कायमची जमा झाली. पुढे दिल्लीत गाड्यांचा ऑड-ईव्हन सुरू झाला तेव्हा मामांना फार आनंद झाला. “बघ, शेवटी सरकारनं आमच्याकडूनच उचललं,” म्हणाले. नंतर लक्षात आलं की त्यांच्या गाडीचा नंबर सम होता. तेव्हा त्यांनी तत्त्व म्हणून गाडी मामींच्या नावावर करायचा विचार बोलून दाखवला होता. मामी म्हणाल्या, “आधी मला चालवायला शिकवा.” विषय तिथेच संपला.

स्तोत्रांकडे बघायची मामांची नजर सरकारी होती, आणि खरं सांगते, आमच्या किती तरी पाळकांपेक्षा ती जास्त साफ होती. मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी तेरावं स्तोत्र समोर ठेवून शिकवणी दिली. “सूनबाई, दावीद राजाचा ड्राफ्ट बघ. पहिल्या ओळीतच तक्रार: किती दिवस झाले, उत्तर नाही. मग परिस्थितीचा तपशील. मग विनंती. आणि उत्तर यायच्या आधीच शेवटी आभार! असा अर्ज आमच्या मंत्रालयात एकालाही जमला नाही.” मी नवी होते, तरी तोंडाळ, म्हटलं, “मामा, आणि अठ्ठ्याऐंशीवं? ते तर अंधारातच संपतं, त्यात आभार कुठे आहेत?” मामांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बसली बोलणी! पण ते म्हणाले, “ते पेंडिंग आहे. पण फाईलमध्ये ठेवलंय ना? कुणी काढून टाकलं नाही.” त्या दिवसापासून मी त्यांची झाले, आणि त्यांनीही मला जाहीर केलं की या मुलीत डोकं आहे, बाकीच्या घराण्याबद्दल ते काही बोलू इच्छित नाहीत.

डॉक्टर जशा गोळ्या देतात तशी मामा स्तोत्रं द्यायचे. राजेंद्रनगरात यूपीएससीचा अभ्यास करणारा एक जालन्याकडचा मुलगा तिसऱ्यांदा नापास होऊन आला. नवे पाळक त्याला धीर द्यायला उठले, की सगळं चांगल्यासाठीच होतं वगैरे. मामांनी त्यांना हातानंच थांबवलं. “अहो पाळकसाहेब, एक मिनिट. त्याला आधी भांडू द्या.” आणि त्याला तक्रारीचं एक खणखणीत स्तोत्र काढून दिलं. पाळक गोंधळून म्हणाले, “मामा, चर्चमध्ये देवाशी भांडायचं?” मामा म्हणाले, “मग कुठे, जंतर-मंतरवर?” गुरुग्रामला त्यांच्या मुलाच्या नव्या फ्लॅटची घरभरणी होती. बिल्डरनं चार वर्षं रखडवलेला फ्लॅट. सगळ्यांना वाटलं, आता घराच्या आशीर्वादाचं काहीतरी गोड वाचतील. मामांनी शत्रूंचे दात पाड म्हणून देवाला साकडं घालणारं स्तोत्र काढलं. मंडळीत त्याच सोसायटीतली चार कुटुंबं होती. त्या दिवशी मंडळीनं सम वचनं अशी म्हटली, की खालून गार्ड वर आला. “अंकल जी, सब ठीक है ना?” मामा म्हणाले, “बिल्कुल ठीक है, बेटा. पूजा चल रही है.”

मामांना अर्धंच येतं हे मात्र आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. ते कळलं एका हॉस्पिटलात. आमच्या मंडळीतले एक निवृत्त हेडमास्तर आजारी होते. एरवी मामा-मामी जोडीनंच भेटायला जायचे, पण मामींना ताप होता, म्हणून मामांबरोबर मी गेले. मामांनी डोळे मिटले आणि तेविसावं सुरू केलं, मेंढपाळाचं, जे लहान पोरालाही येतं. पहिलं वचन म्हणून ते थांबले. मी पर्समध्ये फोन शोधत होते. मामांनी पुढे तिसरं म्हटलं. पुन्हा थांबले. मग पाचवं म्हटलं आणि ‘आमेन’. हिरवी कुरणं गेली, संथ पाणी गेलं, मरणछायेची दरीही गेली. नीतीच्या वाटेवरून निघाले ते थेट मांडलेल्या ताटापाशी. हेडमास्तरांनी एक डोळा उघडला. “अहो, मला दरीतून न नेताच जेवायला बसवलंत?” बिचारे सलाईनवर होते. मी हसू दाबता दाबता बेजार. परत येताना मेट्रोत विचारलं, “मामा, चौथं वचन खरंच येत नाही?” तर शांतपणे म्हणाले, “येऊन काय करू? ते तुझी मामी म्हणते.”

गेल्या थंडीत मामी गेल्या. चार दिवसांच्या न्यूमोनियात. दफनाच्या वेळी पाळकांनी सगळं स्तोत्र स्वतःच वाचलं आणि मामा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दुःखानं गप्प आहेत. दुःख होतंच, पण अडचणही होती, आणि ती आम्हाला आठवड्याभरानं समजली. संध्याकाळची प्रार्थना बंद पडली होती. मामा खुर्चीत बसायचे, पुस्तक उघडायचे, पहिलं वचन म्हणायचे आणि पुढे गाडी हलायची नाही. म्हटलं, “मामा, पुस्तक तर समोर आहे. दुसरं वाचा की.” म्हणाले, “वाचता येतं गं. पण मीच विचारायचं आणि मीच उत्तर द्यायचं, याला प्रार्थना म्हणत नाहीत.” पस्तीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांना स्तोत्रं दिली, त्याचं स्वतःचंच स्तोत्र एका वचनावर अडकून पडलं होतं. माझा जीव तुटला, अगदी खरं सांगते.

मग मंडळीची भरती सुरू झाली. माझ्या नवऱ्यानं दोन दिवस उत्तरं दिली, त्याला कारखान्याची सवय, सम वचन असं उरकायचा, की मामा म्हणाले, “याला शिफ्ट संपवायची घाई आहे.” गुरुग्रामची नात व्हिडिओ कॉलवर आली. तिला देवनागरी वाचता येते, पण दर ओळीला अडायची. “दादू, कुरण मतलब? आणि लेकरू?” मामा एवढे खूश, की प्रार्थना राहिली बाजूला आणि शब्दांचे अर्थ रंगले, पण तिचे क्लासेस सुरू झाले. जाताना तिनं आजोबांच्या फोनवर स्तोत्रं वाचून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. तीन दिवस मामा त्या फोनशी भांडले. “अरे थांब ना यार, माझं वचन आहे!” फोन कसला थांबतोय. चौथ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, “याला मंडळीत बसायचं कळत नाही. सगळं स्वतःच बोलतो. आपल्या नव्या पाळकांसारखा.”

शेवटी मीच उभी राहिले. रोज संध्याकाळी साडेसातला फोन. फरीदाबादला मेट्रोतून उतरून, रिक्षा करून, कुकर चढवून मी मंडळी व्हायची. सुरुवातीला नाकी नऊ आले. मामांना पुढाऱ्याची सवय. माझं शेवटचं अक्षर तोंडात असतानाच त्यांचं पुढचं वचन सुटायचं. मी चिडून म्हणायची, “मामा, मामी कसं सहन करायच्या हो?” ते म्हणायचे, “तिनं कधी तक्रार केली नाही.” मी म्हणायची, “कशी करणार? तक्रारीची वचनं सगळी तुमच्याकडे!” हे काही खरं नव्हतं, पण मामा हसले, मामी गेल्यापासून पहिल्यांदा. असं करत आम्ही वर्षभरात जवळजवळ सगळी स्तोत्रं काढली. एक सोडून. तेविसावं आलं की मामा म्हणायचे, “ते आज नको. फार कॉमन झालंय.” दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीला मी कारण विचारलं नाही. मला ठाऊक होतं. त्यातलं चौथं वचन, दरीचं, ते मामींच्या वाट्याचं होतं, आणि मी ते म्हटलं असतं तर त्यांना सोसलं नसतं.

मामींना वर्ष झालं तेव्हा स्मरणाची उपासना ठरली. मुलगा, नात, मंडळी, सगळ्यांनी एकच सांगितलं, तेविसावं हवं, ते मामींचं आवडतं. मामांनी तीन पर्याय सुचवले, एखादं टेंडर टाळावं तसं. कुणी ऐकेना. आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, “सूनबाई, उद्या तू पुढे उभी राहा. मी मंडळीत बसतो.” मी म्हटलं, “बाई गं! मामा, मी कधी पुढे उभी राहिलेली नाही.” म्हणाले, “मी तरी कधी बसलोय?”

रविवारी हॉलमध्ये अठ्ठावीस माणसं होती. मामा दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर, जिथे मामी बसायच्या. हातात पुस्तक नव्हतं. मी पहिलं वचन वाचलं. मंडळीनं दुसरं म्हटलं. मामांचे ओठ हलत होते. मी तिसरं वाचलं. मग चौथं सुरू झालं आणि दोन शब्दांत मंडळीचा आवाज उतरला, कारण मामांचा आवाज सगळ्यांच्या मागे राहिला होता आणि ते कळून एकेक जण थांबला. मामा एकटेच म्हणत होते. एकेक शब्द, चाचपडत, अंधारात पायरी शोधावी तसे. दरी आली, काठी आली, भीती नाही आली. त्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं महिनाभर घोकून ते एक वचन पाठ केलं होतं. मला न सांगता, हे नंतर कळलं. शेवटचा शब्द म्हणून त्यांनी मान खाली घातली.

आता पाचवं माझं होतं, ताटाचं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. पुस्तक समोर होतं, अक्षरं दिसेनात. मंडळीतून कुणी सावरून घ्यावं, तर पस्तीस वर्षं समच म्हणत आलेली ती माणसं, पुढाऱ्याचं विषम वचन उचलायचं त्यांच्यातल्या एकालाही सुचेना. हॉलमध्ये एकाच माणसाला पाचवं वचन झोपेतही आलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता उठतील, नेहमीसारखं माझ्या तोंडातून काढून घेतील.

ते उठले नाहीत. शेजारची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती, तिच्या पाठीवर हात टेकून बसले आणि म्हणाले, “सावकाश, सूनबाई. आम्ही दोघं थांबतो.”