चौघींचं कुलूप

परवा तुमची आई फोनवर सांगत होती की तुमच्यापैकी एकाने पेनड्राइव्हवरच्या फायलींना कुलूप घातलं आणि पासवर्ड विसरून घर डोक्यावर घेतलं. मला सहानुभूती वाटायला हवी होती, पण मी हसतच सुटले. कारण नव्वदच्या दशकात, डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, आम्ही चार शहाण्या बायकांनी हाच पराक्रम केला होता. पेनड्राइव्ह तेव्हा नव्हते. पातळ, चौकोनी फ्लॉपी असायची. पण कुलूप कुलूपच.

त्या वर्षी तुमच्या आजोबांनी कचेरीतून मोडीत निघालेला एक संगणक प्रिंटरसकट घरी आणला होता. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. मी त्याला भरतकाम केलेलं झाकण शिवलं होतं आणि त्याच्यासमोर कुणी चहा घेऊन बसलेलं मला चालत नसे.

आमच्या इमारतीतल्या बायका गणपतीत दरवर्षी एक छोटं नाटुकलं करत. आदल्या वर्षी आमचंच नाटुकलं, आमच्याच विनोदांसकट, समोरच्या इमारतीने आमच्या दोन दिवस आधी करून टाकलं. आम्ही रंगमंचावर गेलो तेव्हा प्रेक्षक आमची वाक्यं आमच्या आधी म्हणत होते. कुणीतरी फोडलं होतं, आणि प्रत्येकीला दुसरीचा संशय होता.

यंदाचं नाटक लिहिलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने. ती शाळेत शिवण शिकवायची, फारशी बोलायची नाही. लहानपणापासून लिहीत आली होती, पण आजवर कुणाला एक ओळ दाखवली नव्हती. हे तिचं पहिलं नाटक. मी ते तिच्या हस्ताक्षरावरून संगणकावर टाइप केलं. मराठी अक्षरं पडद्यावर उमटवता येत नव्हती म्हणून इंग्रजी लिपीत. "मी आले" हे इंग्रजी अक्षरांत पाहून तिला इतकं हसू आलं की खुर्चीवरून घसरली.

टाइप झाल्यावर तीच म्हणाली, "आता कागद नकोत. कागद फुटतात." आणि सगळे कागद तळमजल्यावरच्या काकूंच्या बंबात घातले. काकू आमच्यात सर्वांत मोठ्या. त्यांनी त्या पाण्याने अंघोळ केली आणि म्हणाल्या, "साहित्याने न्हाले बाई मी!"

उरला फ्लॉपीवरचा मजकूर. आजोबांनी सांगितलं, फायलीला परवलीचा शब्द लावता येतो. तो विसरलात तर ब्रह्मदेवालाही उघडणार नाही. मग प्रश्न आला, शब्द कुणाला ठाऊक असावा? एकमेकींवर विश्वास नव्हता. तेव्हा ठरलं की चौघींनी, म्हणजे काकू, लेखिका, समोरच्या दारातली शेजारीण आणि मी, प्रत्येकी तीन-तीन इंग्रजी अक्षरं घालायची आणि बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. सगळी मिळून एकच शब्द. संगणकाने खात्रीसाठी तो पुन्हा मागितला, तेव्हा पुन्हा चौघी एकामागून एक बसल्या. आजोबांना तर गॅलरीतच घातलं होतं. मला आमच्या या युक्तीचा फार अभिमान वाटला.

पुढच्या बैठकीत भूमिका वाटल्या आणि घोटाळा झाला. समोरच्या शेजारणीच्या वाट्याला आलं पडद्यामागून मांजराचा आवाज काढणं.

"मांजर?" ती म्हणाली. "मी एवढे पोहे करून आणले आणि मी मांजर?"

"अगं, महत्त्वाचं मांजर आहे," लेखिका म्हणाली. "त्याच्या ओरडण्यावरच तर दुसरा प्रवेश उभा आहे."

"मग तूच ओरड." ती पोह्यांचं पातेलं उचलून गेली. पोहे आतच होते, काकूंच्या हातात रिकामी बशी राहिली. तिच्या घरची मंडळी टिटवाळ्याला नव्या घरी जाणारच होती, ती त्याच आठवड्यात गेली. आणि तिची तीन अक्षरं तिच्याबरोबर गेली.

हे आमच्या लक्षात आलं ते प्रती काढायला बसलो तेव्हा. तिघी आपापली अक्षरं घालायला बसलो आणि मध्येच एकमेकींची तोंडं पाहत राहिलो.

लेखिकेचा चेहरा मला अजून दिसतो. ती दोन दिवस वही घेऊन बसली आणि वही बंद करून माझ्याकडे आली. "वहिनी, गोष्ट आठवते, पण विनोद येत नाहीत. दुसऱ्यांदा लिहिलं की ते उतारा घेतल्यासारखं होतं. माझं एकच नाटक होतं हो. मीच जाळलं." तिला रडूही येत होतं आणि आपल्या मूर्खपणाचं हसूही, दोन्ही एकदम.

आम्ही अंदाज केले. शेजारणीच्या नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं, मुलांची, माहेरच्या आडनावाची. इंग्रजीतलं मांजरसुद्धा घालून पाहिलं. आजोबा गॅलरीतून ओरडले, "अहो, मांजर नंतर झालं! शब्द आधीचा आहे!" "तुम्ही ऐकू नका!" आम्ही तिघी एका सुरात ओरडलो. शेजारणीच्या टिटवाळ्याच्या वाण्याकडे फोन होता, तिथे निरोप ठेवला. उलट निरोप आला: म्याव.

म्हणून आम्ही तिघी दुपारच्या गाडीने टिटवाळ्याला गेलो. सरळ माफी मागणं कुणाला जमेना, तेव्हा वाटेत ठरलं, सांगायचं की गणपतीच्या दर्शनाला आलो होतो, आलोच आहोत तर भेटून जावं म्हटलं.

तिने दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि आत जाऊन पाण्याचे पेले आणले. रुसली असली तरी पाणी आलं. मला तेवढ्यानेच धीर आला.

"दर्शन झालं का?" तिने विचारलं.

"झालं, झालं. छान झालं," काकू म्हणाल्या.

"मग प्रसाद कुठाय?"

आम्ही तिघींनी एकमेकींच्या पिशव्यांकडे पाहिलं. काकूंच्या पिशवीतून छत्री निघाली. आधी लेखिका फुटली, मग मी, आणि काकू तर पेल्यातलं पाणी सांडेपर्यंत हसल्या. शेजारीण तेवढी तोंड घट्ट मिटून बसली होती, पण खांदे हलत होते तिचे.

"मांजर मी होणार नाही," शेवटी ती म्हणाली. "बोलायचं काम हवं. आणि साडी माझ्या पसंतीची."

लेखिका एकदम गंभीर झाली. "नाटकात जागा नाही हो. एक वाक्य जास्त झालं तर लय जाईल."

"मग माझी तीन अक्षरंही जास्त होतील तुला."

मी लेखिकेचा पाय दाबला. ती हळूच म्हणाली, "साखर मागायला येणारी एक बाई घालता येईल. साखर घेत नाही, बातम्या देऊन जाते."

"माझ्यासारखी?"

"छे, छे!"

"असू दे. चालेल."

अक्षरं सांगायला मात्र तिने साफ नकार दिला. येऊन स्वतःच घालणार म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली, नवी साडी नेसून. मी थालीपिठं लावली होती, ताजं लोणी होतं. खाऊन झाल्यावर संगणकासमोर खुर्ची ठेवली. काकू म्हणाल्या, "बस गं, तू लांबून आलीस. आधी तू." ती बसली, आम्ही भिंतीकडे वळलो. मग काकू, मग लेखिका, सर्वांत शेवटी हात पुसत मी.

उघडलं नाही.

पुन्हा केलं. पुन्हा नाही. लेखिका पलंगाच्या कडेला बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मी बरोबर घातली हं माझी," शेजारीण म्हणाली. "उगीच माझ्याकडे बघू नका."

"कोण बघतंय? मी माझीच आठवत्येय," काकू म्हणाल्या.

आजोबा गॅलरीतून म्हणाले, "क्रम तोच ठेवलात ना? पुढचं मागे झालं तर शब्द वेगळाच होतो."

यावेळी त्यांना कुणी ओरडलं नाही. मी त्या दिवसाची बैठक डोळ्यांसमोर आणायला लागले. मी शेवटी होते, ते नक्की. घरची बाई शेवटीच बसते, मग ते जेवायला असो की संगणकाला. पण आधी कोण?

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! पहिली मी होते! माझ्या आधी कोण बसणार होतं? आज हिला पाहुणी म्हणून मान दिला मी!"

असं झालं होतं. आदल्या वेळी आम्ही हळदीकुंकवाला बसतो तशा आपोआप बसलो होतो, वडीलधारी आधी. या वेळी रुसलेल्या पाहुणीला पहिला पाट दिला, आणि आमच्या त्या चांगुलपणाने नाटक बंद करून ठेवलं.

"माझ्यामागे तू होतीस," काकू लेखिकेला म्हणाल्या. "नाटक तुझं, म्हणून. मग ही."

काकू बसल्या. लेखिका बसली. शेजारीण बसली आणि आमच्याकडे मागे वळून बजावलं, "भिंतीकडे!" मग मी. शेवटचं अक्षर घातलं आणि कळ दाबली.

पडदा क्षणभर काळा राहिला. मग वरून खाली हिरव्या ओळी उतरू लागल्या.

लेखिका पुढे सरकली, पडद्याला नाक लागेल इतकी, आणि पहिलं वाक्य हळू वाचलं. मग दुसरं, मोठ्याने. तिसऱ्या वाक्याला ती स्वतःच खुदकन हसली, जणू कुण्या दुसऱ्याने लिहिलं होतं. शेजारणीने साखरवालीचा आवाज लावून मध्येच एक टोमणा मारला, लेखिका म्हणाली, "हेच, हेच घालू!" काकू डोळे पुसत होत्या आणि आजोबा बोलावल्याशिवाय आत येऊन दारातच पोट धरून उभे होते. त्यांना हाकलायचं आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी मी प्रती काढल्या. प्रिंटर इतका करकरत होता की जिन्यातून जाणारे थांबून विचारत होते. मी लेखिकेला म्हटलं, "आता शब्द बदलू या. या वेळी लिहून ठेवू."

तिने गरम गरम पानं छातीशी धरली होती. "नको वहिनी. कुलूपच काढा," ती म्हणाली. "चोरलं तर चोरलं. चोरणारा निदान वाचेल तरी."

मी कुलूप काढलं. काकू म्हणाल्या, "बरं, आता ते पहिलं पान पुन्हा वाच. मगाशी मला हसण्यात काही ऐकू आलं नाही."