होळीत गेलेलं जू

किन्हवलीकडे अजून कुणीतरी सांगतं, की आमच्या पाड्यातल्या नऊ जणांनी एका परक्या बाईला सणासुदीचं गाडीतून शहापूरला ओढत नेलं. केवढी माणुसकी! डोंबलाची माणुसकी! त्या नऊ जणांत मी होतो, म्हणून खरं काय ते सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा शिमगा. होळीला लाकडं चोरायची ही आमची रीत. एकदा होळीत पडलं ते देवीचं, मालकानं बोंब मारावी आणि गप्प बसावं. त्या वर्षी आम्ही शिड्या, खुंट, पाड्यातला बांबू न् बांबू उचलला होता. त्यात संध्याकाळी मुरबाडकडची एक बैलगाडी आमच्या वडाखाली मुक्कामाला थांबली. आमच्या बारा घरांत गाडी एकाचीही नव्हती. गाडीवानाची नजर चुकवून मी बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू उचललं आणि दिलं होळीत. सागाचं होतं, झकास पेटलं. गाडीत कोण आहे हे बघायची अक्कल कुणाला?

सकाळी तो गाडीवान रडकुंडीला येऊन दारोदार फिरू लागला. गाडीत त्याची बायको होती, पहिलटकरीण. तिला शहापूरपलीकडे माहेरी पोचवायला निघाला होता, आणि पहाटेपासून तिला कळा सुरू झालेल्या. माझी आई सुईणपण करायची. ती गाडीत चढली, हात लावून पाहिलं.

“पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम नाय. शहापूरला दवाखान्यात न्या, नायतर दोघंबी जातील.”

“कसा नेऊ गो आई? माझा जूच कुनी न्हेला!”

आईनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सोंगं काढायला नटलेलो. मी बायकोचं लुगडं नेसलेला, कपाळाला हे एवढं कुंकू. डोली करावी तर दांडा कुठला? सगळे बांबू राखेत.

“मेल्यांनो, बघता काय? व्हा बैल!”

बैल राहिले वडाखाली रवंथ करत आणि गाडीला लागलो आम्ही. जवळजवळ तीन कोस. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून मी पुढची दांडी धरली. चढावर छाती फुटायची वेळ आली. आई गाडीतून शिव्या घालत होती, आमच्या शिमग्याच्या शिव्या तिच्यापुढे अगदीच बाळबोध. वाटेत एका गावातले लोक शिमग्याच्या पोस्ताचे चार पैसे मागायला आडवे आले, पण आमची तोंडं बघून बाजूला झाले. त्यातले दोघं तर काही न विचारता मागून गाडी ढकलू लागले.

बाई ओरडत होती तोवर ठीक होतं. मग ती ओरडायची थांबली. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नाही.

उन्हं चढली तेव्हा पोचलो. दुपारी आई बाहेर आली. मुलगी झाली होती, बाई वाचली होती. तो माणूस धावत आला आणि माझ्या पायाशी वाकला.

“देवासारखे धावलाव रे तुमी!”

मला ते सोसेना. म्हटलं, “उठ बाबा. तुझा जू मीच जाळला.”

त्यानं खाडकन माझ्या मुस्काटात मारली. आमचे आठ जण पुढे सरसावले, तशी आई म्हणाली, “थांबा रे. बराबर केलान त्यानं.”

पण त्यानं दुसरी मारली नाही. पायरीवर बसला आणि विचारलं, “ती मेली असती तर?”

 

आम्ही नवं जू करून बैलांसकट शहापूरला आणून दिलं. दहा दिवसांनी बाळ-बाळंतीण माहेरी निघाली, तेव्हा गाडी बैलच ओढत होते, तरी मी गाडीला हात लावून शेवटपर्यंत चालत गेलो. वाटेत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. दारात गाडी उभी राहिली. बायकोला उतरवायला त्याला हात मोकळे हवे होते. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, आणि मुलगी माझ्याकडे दिली.