उसन्या पोरी

सन दोन हजार सहा. दिवाळीच्या सुट्या संपून आठ दिवस झाले होते आणि कापसाची दुसरी वेचणी चालू होती. तिवशाजवळच्या आमच्या गावात मी तेव्हा शिक्षण समितीचा अध्यक्ष होतो. शिकलो तिसरीपर्यंत. सही करतो, पण वाचल्याशिवाय करत नाही, म्हणून हेडमास्तर माझ्यावर नाराज असत. त्या एका हंगामात त्यांचे इतके प्रकार पाहिले की एक सांगायला बसलो तर मागचा लगेच पुढे येतो.

* * *

वरून हुकूम आला. सहा ते दहा वर्षांची कोणती मुलगी शाळेत नाही, ते घरोघरी जाऊन लिहा.

हेडमास्तर दुपारी बारा वाजता निघाले. पानठेल्यापासून मारुतीच्या पारापर्यंत गेले आणि परत आले. कागदावर लिहिलं, 'एकही मुलगी आढळली नाही.' कागद सहीसाठी माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "गुरुजी, भर वेचणीत दुपारी गावात म्हैस तरी आढळते काय?"

"गावात पाहा असा हुकूम आहे, अध्यक्षसाहेब. शेतात पाहा असा नाही."

मी सही केली नाही. त्यांनी उपाध्यक्षाची घेतली. तो न वाचता करतो.

* * *

माझ्या धुऱ्याला लागून बंडूचं शेत. त्याची छबी आठ वर्षांची. त्या साली मजूर लावायची ताकद बंडूत नव्हती. नवराबायको कापूस वेचत आणि छबी धाकट्या भावाला काखेत घेऊन धुऱ्यावर फिरे.

मी बंडूला झापलं, "पोरीले शाळेत काहून नाही घालत बे?"

"दोन खेपा नेली, काकाजी. गुरुजी म्हणतेत जन्माचा दाखला आना. कोठून आनू? वावरात झाली ते."

माझ्या नातवाचा दाखला याच गुरुजींनी मागितला नव्हता. त्याच्या नावापुढे जन्मतारीख स्वतःच्या मनाने टाकली होती. मी शाळेत जाऊन जाब विचारला.

गुरुजी म्हणाले, "मुलींच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते."

* * *

मग मुलींच्या शिक्षणाची फेरी निघाली. फलक धरायला मुली कमी पडल्या म्हणून 'मला शाळेत जायचं आहे' हा फलक सरपंचाच्या पोराने धरला. तो शाळेतून पळून जाण्यात पहिला.

छबी बाळाला घेऊन फेरीत शिरली. घोषणेला सगळ्यांत मोठा आवाज तिचा. बाळ रडत होतं, तरी थांबली नाही. फेरी संपल्यावर शाळेच्या फाटकात हेडमास्तर बिस्किटं वाटत होते. तिने हात पुढे केला.

"तू पटावर नाहीस."

छबीने हात मागे घेतला आणि बाळाचा हात पुढे केला. "मंग याले द्या. हा मोठा झाला की पटावर येतेच."

गुरुजींनी बाळाला दिलं.

* * *

तपासणी लागली. पटावर वीस मुलींची नावं, बाकांवर सोळा. चार नावं नुसती कागदावरची. हेडमास्तरांचा मेहुणा शेजारच्या गावात हेडमास्तर. त्याच्याकडून पोरी उसन्या आणायचं ठरलं. त्याने तीनच धाडल्या. चौथीसाठी गुरुजी बूट मातीत घालून बंडूच्या शेतात गेले.

"आज छबीला बसव. उद्या तिचं नाव घालतो."

बंडूने हातातला कापूस खाली ठेवला आणि तिचं तोंड धुतलं. या शब्दासाठीच मीही गप्प राहिलो. छबी त्या चार नावांतली वैशाली होऊन आत बसली आणि बाळ माझ्या मांडीवर आलं. समितीच्या अध्यक्षाला त्या दिवशी एवढंच काम होतं.

साहेबांनी तिला पाचाचा पाढा विचारला. ती नुसती पाहत राहिली.

"लाजते, साहेब," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बंडू पोरीला घेऊन सकाळीच फाटकात उभा.

गुरुजी म्हणाले, "दाखला?"

* * *

महिन्याभराने मेहुण्याच्या शाळेची तपासणी आली. तीन पोरी परत करायच्या होत्या. दोन आमच्या पटावरच्या निघाल्या. तिसरीची आई म्हणाली, "माही पोरगी का बैल आहे, जुंपायले?" म्हणून पुन्हा छबी. बंडू नाहीच म्हणत होता. मी म्हटलं, येऊ दे, मी सोबत आहे. बैलगाडी माझीच होती.

साहेब तेच. बाकांमधून फिरत फिरत ते छबीपाशी थांबले.

"तुला कुठंतरी पाहिलं आहे."

"हो. आमच्या गावच्या शाळेत."

"नाव काय तुझं?"

"तिकडं वैशाली होती. इथलं नाव अजून कोनं सांगतलं नाही."

मेहुणा पुढे धावला. "आमचीच आहे साहेब, आजच घेतली."

पोरींसोबत आलेले आमचे गुरुजी दारातून म्हणाले, "आमची आहे, साहेब. गावची पोरगी आहे."

साहेबांनी तिलाच विचारलं, "घरी काय म्हणतात?"

"छबी."

"छबी कोणाच्या पटावर आहे?"

मी म्हटलं, "कोणाच्याच नाही, साहेब. दाखला मागतात."

"पट आणा."

आमच्या गावाहून पट यायला तासभर लागला. गुरुजींनी साहेबांसमोर नाव लिहिलं. लिहिलेलं मी वाचलं आणि खाली सही केली. साहेबांनी मेहुण्याच्या शाळेचा शेरा लिहिला, 'उपस्थिती समाधानकारक.'

शाळा सुटेपर्यंत छबी तिथंच बसली. मेहुण्याने तीन धाडल्या होत्या, त्याच्याकडे तीन बसल्या. उसनं फिटलं.