फुंकलेली मेणबत्ती
माझ्या दोन वर्षांच्या मुलीला मी भर प्रार्थनेत मारलं होतं. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. कारखान्याच्या प्लांटकडचं आभाळ तांबूस झालेलं, आम्ही दोघं नवराबायको जपमाळ हातात घेऊन रोझरी म्हणत होतो, आणि मुलगी डुलत डुलत गेली, मदर मेरीच्या मूर्तीपुढची मेणबत्ती फुंकून टाळ्या वाजवू लागली. मी तिच्या हातावर चापट मारली. "मारलं कावून जी? काल केकवरची तर आपूनच फुंकाले लावली नं!" बायको म्हणाली. मुलीनं टाळ्या थांबवून हात पाठीमागे घेतले. धुराची रेघ हळूहळू वर गेली. रविवारी फादरजवळ कन्फेशन करून मी मोकळा झालो, तिला मात्र काहीच बोललो नाही. आता ती कॉलेजात आहे. काल तिला सगळं सांगितलं आणि म्हणालो, "माफ कर, बेटा. फादरच्या आधी तुलेच हे म्हणाले पाहिजे होतं."